चित्रस्मृतीचा हिशेब

अडगळीत पडलेल्या जुन्या संगणकात युनिक्सच्या कुळातील एखादी प्रणाली बसवावी आणि ते यंत्र पुन्हा उपयोगात आणावे, असे पुष्कळांना वाटते. प्रणाली सुखरूप बसते, काळ्या पडद्यावर अक्षरेही उमटतात. परंतु चित्रमय पडदा सुरू करताच सर्वत्र अंधार होतो किंवा नुसत्या रेघोट्या दिसू लागतात. यंत्रच निकामी आहे असे समजून मीही एकदा असा एक संगणक भंगारवाल्याच्या हवाली केला. चूक यंत्राची नसून माझ्या हिशेबाची होती, हे मागाहून उमगले. त्या हिशेबाविषयीच आज थोडे सांगणार आहे.

युनिक्स १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मास आले. आरंभी त्याच्याशी संवाद चाले तो मुख्यत्वे टेलिटाइपच्या कागदावर उमटणाऱ्या अक्षरांतून. चित्रे दाखविणारी ‘एक्स’ ही व्यवस्था १९८४ साली निराळी निर्माण झाली. म्हणूनच प्रणाली उत्तम चालावी आणि पडदा मात्र रुसावा, असे घडू शकते.

पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग कोठेतरी साठवावा लागतो. ती जागा म्हणजे व्हिडिओ मेमरी, अर्थात चित्रस्मृती. आडवे १०२४ आणि उभे ७६८ बिंदू घेतले, तर एकूण ७,८६,४३२ बिंदू होतात. रंग २५६ असतील तर दर बिंदूस एक बाइट पुरतो. रंग ६५,५३६ हवे असतील तर दोन बाइट लागतात, म्हणजे १५,७२,८६४. जुन्या कार्डावर १ मेगाबाइट, म्हणजे १०,४८,५७६ बाइट एवढीच जागा असेल, तर हे चित्र तेथे मावणार कसे? तेव्हा रंग कमी करावेत किंवा ८०० गुणिले ६०० बिंदूंवर समाधान मानावे. मग ९,६०,००० बाइटांत काम भागते.

सामान्यतः ही जागा प्रणाली स्वतःच ओळखते. ती चुकली तरच एक्सएफ्री८६च्या मांडणीपत्रात, कार्डाच्या विभागात, ‘व्हिडिओरॅम’ या शब्दापुढे आकडा लिहावा. तो किलोबाइटांत असतो. १ मेगाबाइटसाठी १ नव्हे, १०२४. आकडा कमी लिहिला तर काही सोयी गमवाव्या लागतात, इतकेच. अधिक लिहिला तर जी जागा मुळात नाही तिच्यात चित्र लिहिण्याचा प्रयत्न होतो, आणि पडदा विस्कटतो किंवा यंत्र अडून बसते.

इंटेलच्या १९९९ सालच्या ८१० या संचाची गोष्ट निराळी. तो चित्रासाठी संगणकाच्या मुख्य स्मृतीतूनच वाटा घेतो. तेथे हा आकडा म्हणजे माहिती नसून मागणी असते. मुख्य स्मृती ६४ मेगाबाइट असताना ८ मेगाबाइट चित्राला दिले, तर इतर कामांना ५६च उरतात. लिनक्समध्ये ‘एजीपीगार्ट’ हा गाभ्याचा भागही त्यासाठी चालू असावा लागतो.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. काचेच्या नळीच्या जुन्या पडद्यांची कंपनसंख्या अंदाजाने लिहू नये. चुकीच्या आकड्याने पडदा कायमचा बिघडू शकतो. ती त्याच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यावी.

२००९ सालापासून लिनक्सचा गाभाच पडद्याची मांडणी करू लागला, त्यामुळे नव्या यंत्रांवर हा खटाटोप सहसा उरलेला नाही. जुन्या यंत्रावर जुनी आवृत्ती बसविणाऱ्यास मात्र तो चुकत नाही. एक्सएफ्री८६ची चौथी आवृत्ती आपल्या नोंदवहीत किती चित्रस्मृती आढळली हे लिहून ठेवते. भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी तेवढी एक ओळ वाचून पाहावी.