मतांचा भूगोल

लोकशाहीत प्रत्येक मताचे मोल सारखेच असते, असे सामान्यतः मानले जाते. मोजणीच्या वेळी ते खरेही असते. परंतु मतांचे जागांत रूपांतर होऊ लागले की, ते मत कोठे पडले या प्रश्नाला विलक्षण महत्त्व येते. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत बहुजन समाज पक्षाला सुमारे २ कोटी २९ लक्ष मते मिळाली. जागा मात्र एकही मिळाली नाही. त्याच निवडणुकीत अण्णा द्रमुक पक्षाने सुमारे १ कोटी ८१ लक्ष मतांवर ३७ जागा जिंकल्या. मोजणीत चूक नव्हती. एका पक्षाची मते तामिळनाडूत एकवटलेली होती, तर दुसऱ्याची अनेक राज्यांत विखुरलेली. खुद्द उत्तर प्रदेशात जवळजवळ पंचमांश मते मिळूनही ८० पैकी एकाही मतदारसंघात तो पक्ष पहिला आला नाही. बांधात अडलेले पाणी शेत भिजवते. तेच माळावर पसरले तर जिरून जाते.

याचे मूळ निवडणुकीच्या नियमात आहे. एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडावयाचा आणि ज्याला सर्वांत अधिक मते तो विजयी, मग ती निम्म्याहून कमी का असेनात, असा हा नियम आहे. या नियमामुळे राजकारण दोन पक्षांकडे झुकते, असा सिद्धान्त फ्रेंच विद्वान मोरिस द्यूव्हर्जे यांनी १९५१ मध्ये मांडला. आपले मत फुकट जाऊ नये म्हणून मतदार दुबळ्या पक्षाला सोडून देतो, हे त्याचे एक कारण. मग हाच नियम असलेल्या भारतात किंवा कॅनडात अनेक पक्ष का दिसतात? ही दुहेरी झुंज मतदारसंघात होते, साऱ्या देशात नव्हे. प्रत्येक प्रांतातील जोडी निराळी असली, तर दिल्लीत किंवा ओटावात पोहोचणारे पक्ष पुष्कळ होतात.

कॅनडातील १९९३ ची निवडणूक या दृष्टीने उद्बोधक आहे. सत्तारूढ पुरोगामी परंपरावादी पक्षाला देशभर मिळून १६ टक्के मते पडली आणि २९५ पैकी अवघ्या २ जागा मिळाल्या. केबेक प्रांतापुरतेच उमेदवार उभे करणाऱ्या ब्लॉक केबेक्वा पक्षाला साडेतेरा टक्क्यांवर ५४ जागा लाभल्या. केबेक वेगळा व्हावा असे मानणारा हा पक्ष संपूर्ण देशाच्या संसदेत अधिकृत विरोधी पक्ष झाला. प्रादेशिक दुरावा ही पद्धत केवळ दाखवीत नाही, तर वाढवते, हा इशारा अॅलन केर्न्स या कॅनेडियन अभ्यासकाने १९६८ मध्येच दिला होता. ज्या भाषणाने एक प्रांत जिंकता येतो, त्याचेच फळ मोठे असेल, तर साऱ्या देशाला उद्देशून बोलण्याचा मोह कोणाला होणार?

मतांच्या प्रमाणात जागा देणे हा यावरील एक उपाय होय. जानेवारी १९४९ मध्ये संविधान सभेत तशी सूचना आली असता डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. ही पद्धत मतदाराकडून काही किमान साक्षरता अपेक्षिते आणि विधिमंडळाचे तुकडे पडून सरकारे अस्थिर होतील, अशी त्यांची कारणे होती. दुसरे कारण निराधार नव्हते. नेदरलंड्समध्ये जागा देशभरच्या मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात, त्यामुळे विखुरलेले मतही वाया जात नाही. परंतु २०२१ मध्ये तेथील १५० सभासदांच्या सभागृहात १७ पक्ष निवडून आले आणि सरकार बनण्यास २९९ दिवस लागले.

तेव्हा कोणताही नियम निःपक्ष नसतो. काही देताना तो काही हिरावूनही घेतो. भारताने स्थैर्याची बाजू घेतली, तीही विचारपूर्वक. मात्र त्या निवडीची किंमत विखुरलेला मतदार देतो, याचे भान विजयी पक्षाने ठेवणे अगत्याचे आहे. २०१४ मध्ये ३९ पैकी ३७ जागा एका पक्षाला देणाऱ्या तामिळनाडूतही निम्म्याहून अधिक मतदारांनी त्या पक्षाला मत दिले नव्हते. निकालाच्या नकाशावर ते दिसत नाहीत. राज्यकारभार मात्र त्यांचाही असतो.