महाराज तेव्हा कुठे होते?

(मंडळाच्या सभेतील भाषण)



पुण्या-नागपूरचे पाहुणे आले की आपण त्यांना सकाळी जयविलास दाखवतो आणि संध्याकाळी फुलबागेत राणीच्या समाधीवर नेतो. एकदा आमच्या पाहुण्यांच्या मुलीने जेवताना विचारले, "राणी इथे लढली तेव्हा महाराज कुठे होते?" सगळे गप्प. मी आमटी वाढायला सांगून विषय बदलला. त्याची अजून लाज वाटते.

उत्तर आहे, आग्र्याला. १ जून १८५८ रोजी जयाजीराव मुरारजवळ तात्या टोपे, रावसाहेब आणि राणी यांच्यासमोर उभे राहिले. त्यांचेच बरेचसे सैन्य पलीकडे मिळाले आणि ते इंग्रजांच्या आश्रयाला गेले. पण इथेच थांबलो तर तेही अर्धेच सांगणे. डिसेंबर १८४३ मध्ये महाराजपूर आणि पनिहारला हीच ग्वाल्हेरची फौज इंग्रजांशी लढून हरली होती. पुढच्या तहाने फौज कमी झाली आणि संस्थानच्या पैशावर इंग्रज अधिकाऱ्यांची कंटिन्जंट पोसावी लागली. जून १८५७ मध्ये उठली ती तीच. महाराजांनी तेव्हा पंचविशीही गाठलेली नव्हती. आणि निष्ठा दाखवूनही किल्ला परत मिळाला तो १८८६ साली, झाशीच्या बदल्यात!

जयविलासमधले संग्रहालय १९६४ पासून आहे, २०२२ मध्ये तिथे मराठा दालनही झाले. तरी बाहेर पडणाऱ्याच्या तोंडी चांदीची आगगाडी आणि झुंबरेच असतात. माझे म्हणणे, जून १८५८ ला तिथे एक पूर्ण खोली द्यावी. राणीच्या मृत्यूच्या १७ आणि १८ जून या दोन्ही तारखा लिहाव्यात. बायजाबाईंच्या यज्ञासाठी वरसईहून निघालेल्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' मांडावा. झाशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

घराण्याने आपल्याच वाड्यात हे का सांगावे, असे कोणी म्हणेल. तर मग आपल्या वाड्यांचे काय? आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज शिंदे सरकारच्या चाकरीत. त्या दिवशी आमचे खापरपणजोबा कोणत्या बाजूला होते, हे आमच्या घरात कोणीच सांगितलेले नाही. माळ्यावर मोडीतले दोन रुमाल बांधून पडलेत. पुढच्या सभेला ते मी घेऊन येतो. तुमच्याकडचेही आणा. मोडी वाचणारी दोन-तीन वडीलधारी माणसे मंडळात अजून आहेत.