‘का’ विचारण्यापेक्षा कागद मागा



आमच्या वस्तीवर नळ बसले, पण पाणी काही आलं नाही. ‘पाणी का येत नाही?’ असं आम्ही ग्रामपंचायतीत वर्षभर विचारलं. उत्तर ठरलेलं, ‘वर कळवलंय.’

मग बचत गटाच्या बैठकीत विषय निघाला. ‘का’ विचारलं की तोंडी उत्तर मिळतं आणि ते हवेत विरतं. कागद मागितला तर द्यावा लागतो. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानं तो हक्क आपल्याला दिलाय.

आम्ही साध्या कागदावर अर्ज लिहिला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं. पाइपलाइनचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि दिलेली बिलं, एवढ्याच्या प्रती मागितल्या. अर्ज एकीच्या नावावर होता, पण द्यायला आम्ही अकरा जणी गेलो. ‘कशाला हवंय हे?’ असं विचारलं गेलं. मैत्रिणींनो, माहिती कशाला हवी, हे सांगायचं बंधन आपल्यावर नाही. अर्जाची पोच मात्र सही-शिक्क्यासह घ्यायचीच.

घरी बोलणी बसली. ‘उद्या घरकुल अडवतील,’ अशी भीतीही कुणी घातली. आम्ही अर्ज मागे घेतला नाही.

तीस दिवस झाले, उत्तर नाही. आम्ही पहिलं अपील केलं, तेव्हा कागद आले आणि तेही फुकट. मुदत टळली की प्रतींचे पैसे घेता येत नाहीत.

पुस्तिकेत लिहिलं होतं, पाइप चारशे मीटर. आम्ही दोरी घेऊन निघालो. पाइप दोनशे साठ मीटरवर बांधाशी संपला होता! ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथं आम्ही तो कागद मोठ्यानं वाचला. कुणाला काही बोलता येईना. दोन महिन्यांत उरलेला पाइप पडला. पहिल्या बिलाचे पैसे कुठे गेले, ते अजून कळलेलं नाही. तो अर्ज आता वरच्या कार्यालयात आहे आणि आम्ही तारखा मोजतोय.

तुमच्या गावात रेशन, रोजगार हमीचं हजेरीपत्रक, अंगणवाडीचा आहार, काहीही असू दे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. ते लिहून घ्यायला मदत करणं हे जन माहिती अधिकाऱ्याचं काम आहे. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला दाखल्याची प्रत जोडली की फी लागत नाही. विनाकारण माहिती अडवली तर माहिती आयोग त्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत दंड करू शकतो.

गटाचा हिशेब आपण दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचतो. गावाचा पैसाही आपलाच आहे. त्याचाही हिशेब वाचायला बसू या.