रशियन भाषा का शिकावी?



टॉलस्टॉय, डोस्टोव्हस्की, चेकॉव्ह ही नावे आपल्या गावोगावच्या वाचनालयांत पोचलेली आहेत. पण त्यांचे जे मराठी आपण वाचतो, त्यातले पुष्कळसे इंग्रजीच्या हातून आलेले. मॉस्कोहून थेट मराठीत छापून येणारी स्वस्त, सुबक पुस्तके आपल्यापैकी काहींना आठवत असतील. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि तो झराही आटला. तेव्हा मूळ भाषेकडेच वळावे, असे आमचे म्हणणे आहे.

इंग्रजीच्या हातून येताना काय सांडते? रशियनमध्ये आपल्यासारखेच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहेत. पुश्किनची १८२८ सालची एक छोटी कविता तर या दोन शब्दांवरच उभी आहे. प्रिया ‘तुम्ही’ म्हणता म्हणता चुकून ‘तू’ म्हणून जाते, एवढाच प्रसंग! इंग्रजीत दोहोंना एकच शब्द, म्हणून तेथे कवितेचा जीवच जातो. मराठीत ती सुखाने नांदेल. नावांचेही तसेच. लेव निकोलायेविच टॉलस्टॉय म्हणजे निकोलायचा मुलगा लेव. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही मांडणी मराठी माणसाला समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की तेथे वडिलांचे नाव जोडून हाक मारली की ती आदराची होते. आपल्या ‘राव’चे काम तेथे बाप करतो म्हणा ना!

व्याकरण सोपे नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. विभक्ती सहा, आणि नामाबरोबर विशेषणेही बदलतात. पण ज्याने शाळेत विभक्तिप्रत्यय घोकले आणि ज्याला तीन लिंगे उपजतच ठाऊक, त्याची बरीच वाट आधीच चालून झालेली असते. ‘चोर’मधला च आणि ‘चार’मधला च आपण एकाच अक्षराने लिहितो, रशियनने त्यांना दोन अक्षरे दिली आहेत. ‘चिताल’ म्हणजे त्याने वाचले, ‘चिताला’ म्हणजे तिने वाचले. (शेवटी ‘ला’ आणि तरी स्त्रीलिंग! येथे मराठी कान काही दिवस अडखळतो.) खरा जाच आहे तो आघाताचा. ‘झामक’ म्हणजे गढी. आघात पुढे सरकला की ‘झमोक’, म्हणजे कुलूप. लिहायला दोन्ही अगदी सारखे.

या भाषेचा आपल्या मातीशी संबंध जुना आहे. पंधराव्या शतकात त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन चौलला उतरला, पावसाळा त्याने जुन्नरास काढला आणि पाहिले ते त्या काळच्या रशियनमध्ये लिहून ठेवले.

२०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हापासून आम्हांस विचारतात, की आता ही भाषा कशाला? प्रश्न रास्त आहे. पण युक्रेनमधल्या अनेकांचीही ती मातृभाषा आहे. शिवाय सरकारी घोषणा ज्या भाषेत झाल्या, त्याच भाषेत त्यांचा निषेध करून काही रशियन माणसे तुरुंगात गेली. हे दोन्ही आवाज आज आपण तिसऱ्याने निवडून दिले तेवढेच ऐकतो.

पुणे आणि मुंबई या दोन्ही विद्यापीठांत रशियन शिकवली जाते. ३३ अक्षरांची वही मात्र घरीच घालता येईल.