सरहद्द खुली आहे, पण कशासाठी?



पासपोर्ट आणि व्हिसा हे शब्द आपल्या कोकणात घरोघर माहीत आहेत. कोणाचा मुलगा मस्कतला, कोणाचा जावई कुवेतला. त्यामुळे ‘अमुक देशात व्हिसा लागत नाही’ असे ऐकले की आपले कान टवकारतात. या वाक्याचा खरा अर्थ काय, एवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रवेश करणे, राहणे आणि काम करणे हे तीन वेगळे हक्क आहेत. एक मिळाला म्हणजे बाकीचे दोन आपोआप मिळत नाहीत.

पहिला दाखला शेजारचा. ३१ जुलै १९५० रोजी भारत-नेपाळ करार झाला. त्याच्या सातव्या कलमात ये-जा करण्याबरोबर राहणे आणि व्यापार यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणूनच हजारो नेपाळी तरुण व्हिसाशिवाय आपल्याकडे येतात आणि नोकरीही करतात.

दुसरा दाखला युरोपचा. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन गावी पाच देशांनी करार केला. १९९५ पासून तो अमलात आला. आज २९ देशांत मिळून एकच व्हिसा चालतो. परंतु हा पर्यटनाचा व्हिसा घेऊन गेलेल्या भारतीयाला तेथे नोकरी करता येत नाही. युरोपीय नागरिकांना एकमेकांच्या देशांत काम करण्याचा हक्क आहे, तो १९५७ च्या रोम कराराने दिलेला, शेंगेनने नव्हे.

तिसरा दाखला मात्र डोळे उघडणारा आहे. पश्चिम आफ्रिकेतील देशांनी १९७९ साली नव्वद दिवस व्हिसाशिवाय प्रवेशाची सवलत मान्य केली. नायजेरियात तेव्हा तेलाचा पैसा वाहत होता. घानासारख्या देशांतून लोक गेले, कामाला लागले आणि मुदत संपली तरी राहिले. तेलाचे भाव उतरले, मंदी आली. जानेवारी १९८३ मध्ये सरकारने हुकूम काढला : कागदपत्रे नसलेल्या परकीयांनी दोन आठवड्यांत देश सोडावा. दहा लाखांहून अधिक लोकांना संसार पिशवीत भरून निघावे लागले. त्या चौकड्यांच्या पिशवीला तिकडे अजून ‘घाना मस्ट गो’ म्हणजे ‘घानावाल्यांनो, चालते व्हा’ असे नाव आहे. प्रवेशाची सवलत खरी होती; पण राहण्याच्या हक्काचा करार १९८६ पर्यंत झालाच नव्हता.

आखाताकडे पाहू. १९८१ साली सहा आखाती देशांनी सहकार परिषद स्थापन केली. त्यांचे नागरिक आज केवळ ओळखपत्रावर एकमेकांकडे जातात. ही सवलत तेथील नागरिकांची आहे. आपला मुलगा एका देशात नोकरीला आहे, म्हणून शेजारच्या देशात त्याला काम करता येईल असे नाही.

तेव्हा पालकांनो, एजंटाच्या हाती पैसे ठेवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. प्रवेश किती दिवसांचा? राहण्याचा परवाना कोणाच्या नावे? कामाचा परवाना कोठे आहे? एजंटाची सरकारी नोंदणीही पाहा. आणि विद्यार्थी मित्रांनो, घरातला असा कागद वाचून त्याचा अर्थ आईवडिलांना सांगता येईल, एवढे इंग्रजी शाळेतच पक्के करा. सही करण्यापूर्वी तो कागद घरात कोणीतरी वाचलेला असला पाहिजे.