स्वमग्न मुले आणि देहाचा ताण



स्वमग्न मूल समारंभात किंचाळले की त्यास हट्टी म्हणण्याचा, आणि मुकाट्याने कोपऱ्यात बसले की निश्चिंत समजण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. या दोन्ही समजुती शास्त्राच्या कसोटीवर पारखून पाहाव्यात, असे आम्हांस वाटते.

मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक स्रवते. मनावर ताण आला की ते वाढते, आणि लाळेवरूनही मोजता येते. अमेरिकेत ब्लाइथ कॉर्बेट या विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८ ते १२ वर्षांच्या मुलांना क्रीडांगणावर समवयस्कांसह खेळावयास सोडून हे मोजमाप केले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात वयाने मोठ्या स्वमग्न मुलांत कॉर्टिसॉल सर्वाधिक आढळले. तसेच जी मुले इतरांत कमी मिसळली, त्यांच्यात ते अधिक होते.

सर्वांचे प्रमाण सारखे नसते, हे खरे. तथापि दूर बसलेले मूलही आतून त्रस्त असू शकते, आणि ‘आता मोठा झालास’ ही दटावणी अस्थानी ठरते, एवढा बोध यातून निश्चित होतो.

यास्तव पुढील संमेलनात ध्वनिक्षेपकापासून दूर एक शांत खोली राखावी, म्हणजे अशा मुलांच्या मातापित्यांस घरी राहावे लागणार नाही, इतकीच आमची विनंती आहे.