साडेसतरा हजारांसाठी अडलेली जागा

(प्रभाग संघाच्या सभेत केलेलं भाषण)

दर सभेला मी वसुली आणि हजेरीवर बोलते. आज पोरांच्या ॲडमिशनवर बोलणार आहे. मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "मोठ्या कॉलेजला डोकं लागतं बाई, आपल्या पोरांत ते कुठलं?" तेव्हा मी गप्प बसले. घरी गेल्यावर माझाच मला राग आला. म्हणून आज बोलते.

आधी एक खरी गोष्ट. २०२४ सालची. उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारी मजुराचा मुलगा, दलित समाजातला. आयआयटीची परीक्षा पास झाला. धनबादच्या आयआयटीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला जागा मिळाली. जागा पक्की करायला १७,५०० रुपये भरायचे होते, २४ जूनला संध्याकाळी पाचच्या आत. इकडून तिकडून पैसे जमवेपर्यंत पाच वाजले आणि पोर्टल बंद झालं. जागा गेली. पोरगा थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ३० सप्टेंबरला कोर्टाने सांगितलं, याला प्रवेश द्या, आणि दुसऱ्या कुणाची जागा न काढता जादाची जागा करून द्या.

आता सांगा, डोकं कमी पडलं होतं का? पेपर तर त्याने सोडवला होता. कमी पडली ती घरातली रोकड. आणि कोर्टापर्यंत जाणारा हा एक झाला. बाकीचे "नशिबात नव्हतं" म्हणून गप्प बसतात.

डॉक्टरकीचं बघा. २०२४ ला २३ लाखांहून जास्त मुलं नीटला बसली. पेपर सगळ्यांना एकच, ७२० मार्कांचा. म्हणून लोक म्हणतात, यात कसला भेदभाव? पण एक पोरगी लातूरला किंवा कोट्याला दोन वर्षं क्लास लावून, होस्टेलला राहून पेपरला बसते. दुसरी सकाळी शेळ्या सोडून, एसटीने कॉलेज करून बसते. पहिलीचे मार्क कमी आले तर बाप म्हणतो, अजून एक वर्ष दे. दुसरीचे कमी आले तर घरात स्थळं यायला लागतात. खरा फरक मला इथंच दिसतो. पहिल्या झटक्यात सगळ्यांना जमत नाही, पण दुसरी संधी विकत घ्यावी लागते.

आणि त्यापुढे, खाजगी मेडिकल कॉलेजात १५ टक्के जागा संस्थेच्या आणि परदेशातल्या भारतीयांच्या कोट्याच्या असतात. तिथं फी कित्येक पट. नीट पास व्हावंच लागतं, पण कमी मार्कांवरही पैसेवाल्याला जागा मिळते. त्याला कुणी "गुणवत्ता कुठंय" म्हणून विचारत नाही. आपल्या पोरांना सवलत मिळाली की मात्र सगळे विचारतात!

सवलतीतही एक गोम आहे. ईडब्ल्यूएसला आणि ओबीसीच्या नॉन-क्रिमिलेयरला मर्यादा आठ लाखांची. म्हणजे वर्षाला ऐंशी हजार कमावणारं घर आणि साडेसात लाखांचं घर एकाच रांगेत. माझ्या मते ही रांग फार लांब झाली. पण नियम बदलेपर्यंत रांगेत उभं तरी राहू या, कारण आपल्यातल्या कितीतरी जणी कागदच काढत नाहीत. एका ताईंनी शेतीचं उत्पन्न जास्त दिसतंय म्हणून नॉन-क्रिमिलेयरचा अर्जच केला नव्हता. त्यात शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न धरत नाहीत. ईडब्ल्यूएसला मात्र सगळं धरतात.

२०२४-२५ पासून आपल्या राज्यात आठ लाखांच्या आतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश सरकारी फेरीतून हवा, संस्थेच्या कोट्यातून नको. खोली, मेस, पुस्तकं यात येत नाहीत. आयआयटीत एससी-एसटी मुलांना शिकवणी फी नाही, एक लाखाच्या आतल्या घरांनाही नाही.

माझंच सांगते. एमएसडब्ल्यूच्या ॲडमिशनला उत्पन्नाचा दाखला मागितला. माझा दाखला ३१ मार्चलाच संपलेला. बाबांनी रोज बुडवून चार खेपा घातल्या. शेवटच्या दिवशी फी भरली ती आईच्या गटाने. कर्जाच्या वहीत कारण लिहिलं होतं, "किराणा", कारण शिक्षणासाठी एवढ्या घाईत कर्ज द्यायची तेव्हा पद्धतच नव्हती.

ती पद्धत आपण पाडू या. येत्या बैठकीत प्रत्येक गटाने ठराव घ्या, की प्रवेशाच्या फीसाठी अंतर्गत कर्ज त्याच दिवशी मिळेल. अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्षांनी फोनवर ठरवायचं, मंजुरी पुढच्या बैठकीत. रक्कम गटाच्या ऐपतीप्रमाणे ठेवा. गटाकडे नसेल तर ग्रामसंघाला लगेच फोन. जात पडताळणीला महिनोन् महिने लागतात, तो अर्ज अकरावीतच टाका. उत्पन्नाचा दाखला एप्रिल लागला की नवा काढा.

पुढच्या सभेला येताना सीआरपी ताईंनी गावातल्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींची यादी आणायची. नावापुढे कुठला कागद आहे, कुठला नाही ते लिहा. त्या मावशींच्या नातीचं नाव मी पहिल्या ओळीत लिहून ठेवलंय. तिचा पडताळणीचा अर्ज अजून टाकलेला नाही.